पाण्यावरचे बिऱ्हाड : केनेट आणि एव्हन कालव्यावरील आठ दिवस

पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे नोकरी झाल्यामुळे कालवा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर आवर्तन, पाटकरी, क्युसेकचा हिशेब आणि शेवटच्या टोकाला पाणी पोहोचत नाही म्हणून कार्यालयात येऊन बसलेले शेतकरी एवढेच उभे राहते. कालव्यात कोणी बिऱ्हाड करून राहते, ही कल्पना मला पचत नव्हती, आणि माझ्या थोरल्या भावाला तर ती मुळीच मान्य नव्हती. त्याचा मुलगा आणि सून इंग्लंडमध्ये केनेट आणि एव्हन कालव्यावर गेली चार वर्षे एका बोटीत राहतात. ‘घर परवडत नसेल तर पोराने सरळ सांगावे’ असे भावाचे म्हणणे. मी लेकीकडे रेडिंगला आलोच होतो, तेव्हा ‘डोळ्यांनी बघून ये आणि त्यांचा नीट पत्ता घेऊन ये, फराळाचा डबा पाठवायचा आहे’ अशी दुहेरी कामगिरी त्याने माझ्यावर सोपवली. त्याच सुमारास सुनेला न्यूबरीत नवी नोकरी लागली होती आणि त्यासाठी बोट पूर्वेकडे हलवायची होती. दिवाळीचा आठवडा होता. उटण्याची पुडी पिशवीत टाकून मी निघालो.

पहिला दिवस, शनिवार : एव्हनक्लिफ

बाथहून येणारी गाडी एव्हनक्लिफला गार्डला आधी सांगितले तरच थांबते. फलाटावरून वर पाहिले तर डोक्यावरून दगडी पूल गेलेला, आणि त्या पुलावरून वाहने नव्हे तर कालवा जातो. खाली एव्हन नदी, तिच्या शेजारून रूळ, आणि दोन्हींच्या वरून बोटी. जॉन रेनी या अभियंत्याने बांधलेल्या या जलसेतूची मधली कमान बांधून झाल्यावर थोडी खचली. ती आजही खचलेली दिसते आणि पाणी मात्र तिच्यावरून बिनबोभाट जाते. आमच्या खात्यात अशा कमानीवर किती शेरे पडले असते, या विचाराने मला हसू आले.

पुतण्याची बोट पुलापलीकडे काठाला बांधलेली होती. लांबी ५७ फूट आणि रुंदी ६ फूट १० इंच. इतकी चिंचोळी का, तर देशाच्या मध्य भागातील जुन्या कालव्यांची लॉक, म्हणजे बोटीला पाण्यासकट वर चढवणारे किंवा खाली उतरवणारे दरवाजांचे हौद, जेमतेम ७ फूट रुंद आहेत आणि सगळीकडे जाऊ शकणारी बोट त्यात मावावी लागते. या कालव्याची लॉक १४ फुटी आहेत, त्यामुळे त्यांत अशा दोन बोटी शेजारी शेजारी उभ्या राहतात. आत शिरल्यावर रेल्वेचा डबा आठवतो. पुढे शेगडी आणि दोन खुर्च्या, मग स्वयंपाकाचा ओटा, मग न्हाणी, मग पलंग, आणि शेवटी इंजिन. एकाला पुढे जायचे असेल तर दुसऱ्याने भिंतीला चिकटायचे. चार वर्षांच्या सवयीने ती दोघे हे न बोलता करतात. माझ्यामुळे मात्र दर वेळी ‘काका, जरा’ म्हणावे लागे.

रात्री पडल्यावर माझ्या कानाशेजारी, पोलादाच्या पलीकडे, कोणीतरी टकटक करू लागले. मी उठून बसलो. सकाळी कळले की बोटीच्या अंगावर चढलेले शेवाळ बदके चोचीने खातात.

दुसरा दिवस, रविवार : ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन

या रविवारी इंग्लंडची घड्याळे एक तास मागे गेली होती आणि त्यामुळे पाच वाजायच्या आतच अंधारून येणार होते. सकाळचा सारा वेळ दोन कामांत गेला. पहिले पाणी भरणे. कालव्याच्या काठी ठरावीक ठिकाणी नळ आहेत. तिथे बोट लावायची, नळी जोडायची आणि टाकी भरेपर्यंत तास-दीड तास थांबायचे. भांडी घासताना सून वाटीभर पाणी घेते आणि तेवढ्यात सगळे उरकते. आयुष्यभर मी पाणी दशलक्ष घनफुटांत मोजले, पण पाणी असे जपून वापरलेले मी माझ्या आजीनंतर कोणाकडे पाहिले नव्हते.

दुसरे काम लिहावे की नाही, असा मला प्रश्न पडला होता, पण ते टाळून या राहणीचे वर्णन पुरे होणार नाही. बोटीच्या शौचकूपाखाली प्रवासी बॅगेएवढी, चाके असलेली एक बंद पेटी असते. ती दोन-तीन दिवसांत भरते. मग ती ओढत काठावरच्या ठरलेल्या खोलीपर्यंत न्यायची, ओतायची, धुवायची आणि परत आणायची. मोरीचे पाणी कालव्यात सोडलेले चालते, हे चालत नाही. पुतण्या संगणकाच्या क्षेत्रात बऱ्यापैकी पगारावर आहे, आणि तो त्या पेटीमागे असा निवांत चालत होता की जणू विमानतळावर निघाला आहे. ‘भावाला हे सांगू का?’ असे मी विचारले. ‘काका, बाकी सगळं सांगा,’ तो म्हणाला.

दुपारी ब्रॅडफर्डचे लॉक ओलांडले. विंडलास नावाची काटकोनी किल्ली दातेरी यंत्राच्या दांड्यावर बसवून फिरवली की झडप वर उचलली जाते, लॉकच्या हौदात पाणी भरते, आणि आतले-बाहेरचे पाणी समपातळीला आले की दरवाजाच्या लांब तुळईला पाठ लावून तो ढकलायचा. तोपर्यंत दरवाजा कोणाच्याही बापाला हलत नाही. वीज नाही, पंप नाही, केवळ पाण्याचा भार आणि माणसाची पाठ. अशा एका लॉकमधून एक बोट वर गेली की दोन लाख लिटरांहून अधिक पाणी खाली जाते. ‘आणि कोणाच्या शेताला?’ मी सवयीने विचारले. कोणाच्याच नाही.

तिसरा दिवस, सोमवार : सेमिंग्टन, सीएंड

सेमिंग्टनची दोन आणि सीएंडची पाच लॉक चढलो. पाऊस होता. सीएंडच्या अलीकडे इंजिन घरघरून धिमे झाले. पुतण्याने बोट काठाला लावली, इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली, मागच्या बाजूचे लोखंडी झाकण उघडले आणि खांद्यापर्यंत हात त्या बर्फगार पाण्यात घालून तो पालथा पडून राहिला. पंख्याला खताची प्लॅस्टिकची गोणी आणि निळा दोर गुंडाळला होता. ते कापून काढायला पन्नास मिनिटे लागली. हात बाहेर आला तेव्हा बोटे जांभळी झाली होती आणि त्याला कात्री धरवत नव्हती. त्या दिवशी आणखी काही घडले नाही.

चौथा दिवस, मंगळवार : केन हिल

डिव्हायझेस हे गाव टेकडीवर आहे आणि कालव्याला तिथे पोहोचण्यासाठी दोन मैलांत २३७ फूट चढावे लागते. त्यासाठी रेनीने २९ लॉक बांधली. खाली ७, मध्ये एका सरळ रेषेत १६, आणि वर ६. मधल्या सोळांच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तेव्हा पंढरीच्या वाटेवर दिवेघाटाच्या पायथ्याशी वारकऱ्याला कसे वाटत असेल, याची मला थोडी कल्पना आली. काळ्या-पांढऱ्या तुळया एकावर एक रचलेल्या, थेट आभाळापर्यंत.

अभियंता म्हणून मला तिथली एक गोष्ट फार आवडली. लॉक इतकी जवळ आहेत की दोन लॉकांमध्ये पाणी साठवायला जागाच उरत नाही. एक हौद भरायला वरच्या टप्प्यातले पाणी घेतले तर तो टप्पा कोरडा पडेल. तेव्हा रेनीने या मधल्या लॉकांच्या बाजूला टेकडीच्या उतारात आडवे तलाव खणले. लांबी-रुंदीत न मिळालेली साठवण त्याने बगलेत काढली. हा कालवा १८१० मध्ये पुरा झाला, तेव्हा ही २९ लॉकच शेवटची बाकी होती. पुढे १८२९ मध्ये तिथे गॅसचे दिवे लावून रात्रीही बोटी सोडू लागले, इतकी वर्दळ होती. सॉमरसेटचा कोळसा आणि बाथचा दगड याच वाटेने जाई. मग १८४१ मध्ये लंडन ते ब्रिस्टल रेल्वे झाली आणि १८५२ मध्ये त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला. प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतलेल्या मार्गाचे जे व्हायचे ते झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही लॉक कुजलेल्या दरवाजांनिशी गवतात बुडाली होती. ती पुन्हा सुरू झाली ती स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे श्रमदान केल्यामुळे. १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. १९९६ पासून पायथ्याचे पाणी पंपाने पुन्हा माथ्यावर चढवतात. खर्च झालेले आवर्तन परत धरणात नेण्याची सोय मला माझ्या नोकरीत मिळाली असती तर माझे केस इतके लवकर पिकले नसते.

सकाळी आठला आम्ही पायथ्याशी होतो, कारण ठरावीक वेळेनंतर बोटी आत घेत नाहीत. शेजारी दुसरी बोट मिळाली तर पाणी आणि श्रम दोन्ही निम्मे होतात. आम्हाला जोडीला मिळाल्या त्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, अकरा वर्षे आपल्या बोटीत एकट्या राहणाऱ्या. दोन्ही बोटी एकमेकींना दोराने बांधल्या. सुकाणू त्या बाई आणि सून सांभाळत होत्या, किल्ली फिरवणे पुतण्याकडे आणि दरवाजे ढकलणे माझ्याकडे आले. पहिल्या पाच लॉकांपर्यंत मी स्वतःला तरुण समजत होतो. दहाव्याला कोट काढला. पंधराव्याला निळ्या जाकिटातल्या एका स्वयंसेवकाने न विचारता माझ्या तुळईला पाठ लावली आणि त्याचे उपकार मी मराठीत मानले. माथ्यावर पोहोचायला साडेपाच तास लागले.

वर चहा घेताना मी त्या बाईंना विचारले की हिवाळ्यात एकटीला भीती वाटत नाही का. त्या म्हणाल्या, ‘भीती नाही, पण गेल्या वर्षी कंबर धरली तेव्हा २५ किलोची कोळशाची गोणी छपरावरून आत आणता येईना. मग मी ती काठावरच फोडली आणि कोळसा घमेल्या-घमेल्याने आत आणला.’ दुसऱ्या बोटवाल्याला हाक मारायचे त्यांच्या मनात आले नाही का, हे विचारायचे माझ्या तोंडावर आले होते. पण सकाळपासून चार वेळा वाटेवरच्या अनोळखी बोटवाल्यांनी त्यांचा दोर आपणहून धरलेला मी पाहिला होता, तेव्हा ते त्यांच्या स्वभावाचे असणार.

पाचवा दिवस, बुधवार : डिव्हायझेस

अंग इतके दुखत होते की मुक्काम वाढवावा लागला, आणि पाऊसही थांबत नव्हता. अशा दिवशी बोटीची दुसरी बाजू कळते. तिघांचे श्वास, एक किटली आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे एवढ्याने खिडक्यांच्या चौकटींवरून पाण्याचे ओघळ सुरू होतात. पलंगाखालच्या खणात मागच्या हिवाळ्यातल्या बुरशीचा काळा नकाशा अजून आहे. शेगडी पेटती ठेवावी तर छताजवळ घाम आणि पायाशी गारठा. खिडकी बंद करावी तर कोंडलेल्या विषारी वायूचे भय, म्हणून झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावलेला.

त्या निवांत वेळात मी पत्त्याचा विषय काढला, तेव्हा कळले की तो द्यायला त्यांच्याजवळ नाहीच. काठावर कायमची जागा भाड्याने घेतली तर पैसे पडतात, आणि ती सहजी मिळतही नाही. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे सतत प्रवासात असावे लागते. सबळ कारण नसेल तर एका ठिकाणी १४ दिवसांहून अधिक राहता येत नाही. २०१२ पासून हे कालवे एका धर्मादाय न्यासाकडे आहेत, आणि अशा फिरत्या बोटींना २०२४ पासून परवान्यावर अधिभार पडतो. यावरून बोटवाल्यांत मोठी नाराजी आहे. आणखी एक वाद जुना आहे. चौदा दिवसांनी हलायचे हे कायदा सांगतो, पण किती दूर हलायचे याचा आकडा त्यात नाही. आकडा नसलेला नियम अंमलात आणण्याचा त्रास मी टेबलाच्या त्या बाजूला बसून भोगलेला आहे, त्यामुळे मला न्यासाच्या कर्मचाऱ्यांचीही कणव आली. तरी ज्यांची मुले शाळेत जातात त्यांनी दर पंधरवड्याला घर पुढे न्यायचे आणि शाळा मागे ठेवायची, यात न्याय दिसत नाही.

दोघांची पत्रे बाथमधल्या एका मित्राकडे येतात. डॉक्टरांकडे नाव नोंदवायला पत्ता सक्तीचा नाही, मतदार यादीतही ‘या भागाशी माझा संबंध आहे’ असे लिहून देता येते. पण बँकेच्या आणि विम्याच्या अर्जात रस्त्याचे नाव न लिहिता पुढचे पान उघडत नाही. ‘मग हे सगळं कशासाठी रे?’ मी विचारले. पुतण्या म्हणाला, ‘सुरुवातीला भाडं वाचवायला. आता इंजिन, रंग, डांबर, बॅटऱ्या धरून तेवढं वाचतही नाही.’ सून म्हणाली, ‘फ्लॅटमध्ये होतो तेव्हा आम्हाला शेजारच्याचं नाव माहीत नव्हतं, काका.’

सहावा दिवस, गुरुवार : नरकचतुर्दशी, हनीस्ट्रीट

अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हायला हवे, आणि बोटीचा बंब तापतो इंजिनाच्या उष्णतेवर. काठाला बांधलेल्या बोटींनी रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवायचे नाही, असा नियम. सूर्य तर सातच्या सुमारास उगवणार. शेवटी सुनेने रात्रीच शेगडीवर दोन पातेली चढवून ठेवली. पहाटे साडेपाचला त्या अडीच फुटी न्हाणीत, एका हाताने भिंत धरून, मी उटणे लावून तांब्या-तांब्याने आंघोळ केली. खाली साचलेले पाणी आपोआप जात नाही. बटण दाबून ते पंपाने बाहेर टाकावे लागते, आणि ते बटण सुनेच्या उशाशी आहे. ‘झालं का काका?’ असे पलीकडून तीनदा विचारले गेले. इतके कमी पाणी आणि इतके साक्षीदार असलेले अभ्यंगस्नान माझ्या वाट्याला पूर्वी आले नव्हते.

डिव्हायझेसपासून वूटन रिव्हर्सपर्यंत १५ मैल एकही लॉक नाही. त्या दिवशी सुकाणू माझ्या हाती दिले. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचे नाक उजवीकडे वळते, आणि तेही आपण विसरून गेल्यावर. पहिल्या तासात मी दोनदा काठच्या लव्हाळ्यात घुसलो. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल असली तरी बांधलेल्या बोटींजवळून जाताना याहून कितीतरी सावकाश जावे लागते, नाहीतर लाटेने त्यांच्या मेखा उपटून येतात. एका खिडकीतून दाढीला साबण लावलेला गृहस्थ माझ्याकडे रोखून पाहत होता. पण दुपारी ऊन पडले, डावीकडच्या टेकडीवर १८१२ मध्ये चुन्याच्या खडकात कोरलेला पांढरा घोडा दिसू लागला, आणि कालव्याच्या वळणांप्रमाणे तो कधी पुढे, कधी बाजूला, कधी मागे असा तासभर आमच्याबरोबर राहिला. समपातळी रेषा धरून, म्हणजे एकाच उंचीवरून, जाणारे कालवे मी नकाशांवर शेकडो वेळा आखले होते. अशा कालव्यावरून प्रवास केला तो पहिल्यांदा.

सातवा दिवस, शुक्रवार : लक्ष्मीपूजन, माथ्यावर

वूटन रिव्हर्सची चार लॉक चढल्यावर कालव्याचा सर्वांत उंच टप्पा येतो. तिथे ५०२ यार्ड लांबीचा ब्रूस बोगदा आहे. डोंगर खणून उघडी वाट करता आली असती, पण जमिनीच्या मालकाला, म्हणजे आइल्सबरीच्या अर्लला, ती नको होती. म्हणून बोगदा करावा लागला आणि नावही त्यांच्याच घराण्याचे. आत पायवाट नाही. पूर्वी बोटी ओढणारे घोडे वरून डोंगरावरून नेत आणि माणसे भिंतीला लावलेली साखळी ओढत बोट पुढे सरकवीत.

अंधार पडल्यावर पूजा मांडली. धूप लावताच धुराचा भोंगा कोकलू लागला, तेव्हा धूप बाहेर गेला आणि आकाशकंदील पुढच्या दाराशी टांगला. लक्ष्मीपूजनाला वही लागते. सुनेने एक जाड निळी वही चौरंगावर ठेवली. त्यात चार वर्षांच्या प्रत्येक रात्रीची नोंद आहे: तारीख, ठिकाण, पुलाचा क्रमांक, किती तास इंजिन चालले, पाणी कुठे भरले. चौदा दिवसांबद्दल कोणी हरकत घेतली तर हाच पुरावा. मी चष्मा लावून ती चाळली. एका फेब्रुवारीत ‘कालवा गोठला, हललो नाही’ असे ओळीने पाच दिवस लिहिले होते, आणि खाली वेगळ्या शाईत ‘बाबांचा फोन, सांगितलं सगळं ठीक’.

आठवा दिवस, शनिवार : क्रॉफ्टन ते ग्रेट बेडविन

माथ्यावर पाणी कुठून आणायचे, हा अशा प्रत्येक कालव्याचा मुख्य प्रश्न. इथे नैसर्गिक झरे माथ्याच्या खाली निघाल्यामुळे पाणी सुमारे ४० फूट उचलावे लागते, आणि त्यासाठी क्रॉफ्टनला बोल्टन आणि वॉट यांचे १८१२ चे वाफेचे इंजिन आहे. रोजचे काम आता विजेचे पंप करतात, पण ठरावीक दिवशी ते इंजिन कोळशावर चालवून खरोखर पाणी चढवतात. त्या दिवशी ते थंड होते. मी नुसती चिमणी पाहून आलो.

मग क्रॉफ्टनची नऊ लॉक उतरायची होती, आणि चौथ्यात माझी चूक झाली. लॉक रिकामे होताना वरच्या दरवाजाखालचा दगडी उंबरठा हळूहळू उघडा पडतो. बोटीचे मागचे टोक त्यावर अडकले तर पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि बोट बुडते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. सुकाणूवरच्या माणसाने बोट तिच्या पुढे ठेवायची. सुकाणू माझ्याकडे होते आणि मी विटांची जुडाई पाहत होतो. पुतण्याची हाक ऐकली तेव्हा रेघ माझ्या डोक्याच्या पुढे होती आणि पायाखाली काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. सुनेने खालची झडप धाडकन सोडली, पुतण्या पळत वरच्या झडपेकडे गेला, पाणी पुन्हा भरू लागले, आणि बोट एक हिसका देऊन मोकळी झाली. सगळे मिळून वीस सेकंद. कोणी मला काही बोलले नाही. सुनेने फक्त चहा ठेवला आणि पुढच्या पाच लॉकांत सुकाणू स्वतः धरले.

ग्रेट बेडविनचे रेल्वे स्थानक कालव्यापासून चार पावलांवर आहे. गाडीत बसल्यावर भावाला फोन लावला. आपण तिथे राहू का, असे त्याने विचारले असते तर मी नाही म्हटले असते. या वयात ती पेटी आणि तो गारठा माझ्याने होणार नाही. पण त्याने विचारले पत्त्याचे. मी बाथच्या मित्राच्या घराचा पत्ता सांगितला. ‘ते ठीक,’ तो म्हणाला, ‘पण राहतात कुठे ते सांग.’ निघण्यापूर्वी सुनेने वहीत ओळ लिहिली होती, ती मी मोबाईलमध्ये टिपून घेतली होती. तीच वाचून दाखवली: ‘शनिवार, ग्रेट बेडविन, दुपारी ३. पाणी भरले. इंजिन ५ तास. काका गेले.’